शहाण्णव मिलिमीटर

जत तालुक्यातल्या माळावरच्या एका वाडीत संयोगिता अकरा वर्षं पर्जन्यमापक वाचत होती. महिनेच्या महिने वहीत शून्यच लिहावं लागे. यंदा ऑक्टोबरात मात्र एका दुपारी तासाभरात शहाण्णव मिलिमीटर पाऊस कोसळला. तिनं दोनदा मोजून कचेरीत फोन केला.

"नऊ पॉइंट सहा असेल," साहेब म्हणाले. "सकाळी परत बघून कळवा."

खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात गुंडा मेंढपाळाचा कळप बसला होता. तिथं थेंबही पडला नव्हता. संयोगिता पळत सुटली.

"आवं मामा, मेंढरं वर काढा. माळावर लय पाऊस झालाय."

गुंडानं तिची चिंब साडी पाहिली आणि काही न विचारता मेंढरांना हाळी दिली. शेवटचं कोकरू काठावर चढलं आणि मागोमाग गढूळ लोंढा आला.