रुखवतातला ब्रेक पाइप

“बिघाड काय हाय ते सांगा,” अप्पा म्हणाले.

“बिघाड काही नाही.”

“मग खोलता कशाला?”

उत्तर माझ्याकडं होतं. ते सांगायची मला मनाई होती.

वीरभद्रअप्पा म्हणजे ताडकळसचे मोठे आडते. त्यांच्या अंगणात लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स कार उभी होती. लेकीचं, गिरिजाचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि ही गाडी जावयाला द्यायची होती. मी परभणीच्या एजन्सीत सर्व्हिस इंजिनियर. आमच्याकडून विकली गेलेली ही एकमेव स्पोर्ट्स कार. त्या काळी आमच्या रस्त्यांवर जीपसुद्धा खिळखिळी व्हायची. तिथं जमिनीला पोट टेकणारी गाडी का घेता, हे विचारायचं धाडस मी केलं नव्हतं. शेवटी पगार एजन्सीच देत होती.

या मॉडेलच्या तक्रारी पुष्कळ होत्या. पावसात काचेच्या फटीतून मांडीवर पाणी गळायचं. दाराचं हँडल हातात यायचं. एकाही तक्रारीला कंपनीनं उत्तर दिलं नाही. ब्रेक पाइपची तक्रार मात्र कुणीच केली नव्हती, आणि पत्र आलं ते त्याचंच. चाकाकडं ब्रेक ऑइल नेणारा हा रबरी पाइप. कंपनीनं तो दोन बोटं जास्त लांब ठेवला होता. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो टायरला घासायचा. घासून फुटला, की आपला पाय ब्रेकवर आणि गाडी तिच्या वाटेनं. असा चुकलेला माल परत बोलावून दुरुस्त करून देणं, याला रिकॉल म्हणतात. पत्रात तो शब्द नव्हता. ‘मोफत सुधारणा’ असं होतं, आणि खाली सूचना: ग्राहकासमोर ‘दोष’ हा शब्द वापरू नये.

“ह्ये बघा सायब,” अप्पा म्हणाले, “कंपनी फिटिंग खोललेली गाडी दिली, तर व्याही म्हणतील सेकंडहँड दिली. पोरीला जलमभर ऐकावं लागंल.”

म्हणून सीटवरचं प्लास्टिकही त्यांनी काढलं नव्हतं. मात्र रोज संध्याकाळी त्याच प्लास्टिकवर बसून ते पाहुण्यांसमोर अंगणातल्या अंगणात गाडी गरागरा फिरवायचे. म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवून!

परभणीला येऊन एजन्सीच्या शेठना सांगितलं.

“पत्राप्रमाणं चाला,” शेठ म्हणाले.

“माणसं मरतील.”

“असं पत्रात कुठं लिहिलंय?”

मला संताप आला. दुसऱ्या दिवशी ताडकळसला जाऊन मी अप्पांना सगळं सांगून टाकलं. गिरिजा ओसरीवर मेंदी काढून घेत होती.

“विकताना गप बसलाव आन् आता सांगायलाव?” अप्पा कडाडले. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. “नवा पाइप शीलबंद हाय न्हवं? मग त्यो रुखवतात मांडू. गाडी देऊन झाली की जावयापुढं बसवा. कंपनीनं जावयासाठी मानूस धाडला, असं दिसंल.”

युक्ती मला पटली. तोवर गाडी चालवणार नाही, अशी मी त्यांना महादेवाची आण घ्यायला लावली. मांडवापर्यंत ती ढकलत नेली.

लग्नात स्टीलच्या डब्यांच्या आणि विणलेल्या तोरणांच्या मधोमध पाइपचा खोका होता, हळदकुंकू लावलेला. व्याही खूश झाले.

“जादा पार्ट बी दिला! ह्यो जपून ठिवू. गाडीतला चालू हाय की.”

खोका त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गेला. मी अप्पांकडं पाहिलं, अप्पांनी जमिनीकडं. व्याह्यांसमोर दोष हा शब्द त्यांच्याही तोंडून निघेना. मीही तसाच उभा राहिलो. त्याची आजही लाज वाटते.

पाठवणीची वेळ झाली. बायका डोळे पुसत होत्या. गिरिजा गाडीच्या दाराशी थांबली.

“पाइप बसवल्याबिगर मी बसणार न्हाई.”

“कसला पाइप?” व्याह्यांनी विचारलं.

“ट्रंकेत ठेवलाव त्यो. ह्यातला टायरला घासून फुटतंय. मग ब्रेक लागत न्हाई. इंजिनियर सायब अप्पाला सांगत हुते, मी ओसरीवरून ऐकलंय.”

नवरदेवानं मला विचारलं, “खरं हाय का?”

“खरं आहे,” मी म्हणालो.

त्यानं स्वतः ट्रंक उघडली.

मी जॅक लावून चाक काढलं. जुना पाइप हातात आला, तेव्हा एका जागी रबर पार झिजून आतले धागे दिसत होते. धागे ऑइलनं ओले होते. तो मी व्याह्यांच्या हातात दिला.

पाइप बदलला की आत शिरलेली हवा काढावी लागते. त्यासाठी एकानं आत बसून ब्रेक मारायचा असतो. बाशिंग बांधलेला नवरदेव सीटवर बसला. मी खालून ओरडायचो, “दाबा! सोडा!” मांडवातले पाहुणेही माझ्यासोबत ओरडू लागले. मग गिरिजा गाडीत बसली आणि गाडी गेली.

सेकंडहँड हा शब्द सासरी कुणी काढला नाही. उलट व्याही तो झिजलेला पाइप येईल त्या पाहुण्याला दाखवत आणि सुनेचं कौतुक करत. शेठनी कंपनीला काम वेळेत झाल्याचं कळवलं. कंपनीकडून त्यांना शाबासकीचं पत्र आलं.

पुढं मी बरीच वर्षं नोकरी केली. त्यातून शिकलो ते एवढंच: गाडीतला दोष विकणाऱ्याला सांगवत नाही आणि भेट देणाऱ्याला ऐकवत नाही. ज्याला त्या गाडीत बसायचंय, त्यालाच आधी सांगावं.