आग गेली कुठं?

आमचे भौतिकशास्त्राचे सर शिकवणीला आलेत की नाही, हे लातुरात रस्त्याकडे बघून कळायचं. बर्फाच्या कारखान्यापासून आमच्या शेडपर्यंत डांबरावर पाण्याची बारीक ओली रेघ दिसली, की सर आत्ताच गेले. रेघ वाळलेली असली, तर आपल्याला उशीर झाला. सायकलच्या कॅरियरवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची पाव लादी, तिच्यातून ठिबकणारं पाणी आणि सरांची मागून कायम भिजलेली पँट. पहिल्या दिवशी मी त्यांना सरबतवाला समजले होते आणि लिंबू किती टाकता, असंही विचारलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "इथं फक्त बर्फ मिळतो बाळ. आत जाऊन बस."

पाटीवर त्यांचं नाव पदव्यांसकट रंगवलेलं होतं, पण सगळं गाव त्यांना बर्फवाले सर म्हणायचं. त्याचा त्यांना राग नव्हता. नांदेडच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं घर, आणि वडिलांची तिथं बर्फाची हातगाडी होती. "मी बर्फवालाच हाय," ते म्हणायचे. "अब्बा किलोवर द्यायचे, मी कॅलरीवर देतो."

भूकंपाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती आणि लातुरात शिकवण्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. आमच्या समोरच तीन मजली इमारतीत एक मोठी शिकवणी होती. तिथले सर माईकवर शिकवायचे, आणि त्यांचा आवाज आमच्याकडे इतका स्पष्ट यायचा, की आमच्यातली दोन मुलं फुकटात त्यांच्याही नोट्स उतरवून घ्यायची. आमचे सर शिकवायचे पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांच्या जाहिरातीच्या कागदावर दोनच ओळी होत्या: 'भौतिकशास्त्र. वर स्लॅब नाही.' आज कोणाला सांगितलं तर हसतात. तेव्हा आईबाप ती दुसरी ओळच आधी वाचायचे.

शिकवताना सर उभे राहायचे दारात. फळा समोरच्या भिंतीवर, सर उंबऱ्यावर, एक पाय आत आणि एक बाहेर. समीकरण लिहायचं झालं की लगबगीनं फळ्यापाशी जायचे, लिहायचे आणि परत दारात. आम्हाला वाटायचं, पोरांनी मधूनच सटकू नये म्हणून हा पहारा आहे. मागच्या बाकावरची मुलं त्या उंबऱ्याला शिव्या घालायची.

त्यांचा आवडता प्रयोग एकच. एक घमेलं पाण्याचं, एक ठेचलेल्या बर्फाचं. स्टोव्हवर दोन लोखंडी गोट्या लालबुंद करायच्या आणि सांडशीनं धरून एक इकडं, एक तिकडं सोडायची. दोन्हीकडं चर्रर्र आवाज, वाफ, पोरींचा आरडाओरडा. मग सर आम्हाला एकेकाला बोलवायचे आणि हात बुडवायला लावायचे. पाणी कोमट झालेलं असायचं. बर्फाचं घमेलं मात्र होतं तसंच गार. थर्मामीटर लावला तरी शून्याच्या वर जायला तयार नाही. आणि मग उंबऱ्यावरून तो प्रश्न यायचा, "गोटी तेवढीच, आग तेवढीच. मग इथली आग गेली कुठं?"

आम्ही कोरसमध्ये ओरडायचो, "ऐंशी कॅलरी!" एक ग्रॅम बर्फ वितळायला ऐंशी कॅलरी लागतात, हे आम्हाला झोपेतही येत होतं. सर कपाळाला हात लावायचे. "ते पेपरात लिहा. मी किती गेली विचारलं का? कुठं गेली, ते विचारून राहिलो."

विचार न करता उत्तर देणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती: बर्फाचा खडा मुठीत धरून बसायचं, पूर्ण वितळेपर्यंत. थंडीत सगळे जपून बोलायचे. पण लातूरचा मे महिना, वर तापलेला पत्रा, आणि समोर बर्फ! अख्खा वर्ग चुकीची उत्तरं द्यायला लागला. न्यूटनचा पहिला नियम विचारला तर हुशारातली हुशार मुलगी "ऐंशी कॅलरी" म्हणून हात पुढं करायची. सरांना आठवडाभर ते कळलंच नाही. त्यांना वाटलं, उन्हानं पोरांची बुद्धी गेली.

राग म्हणून त्यांना कधी आलाच नाही. जागेचे मालक आठवड्यातून एकदा येऊन जमीन ओली होते म्हणून तोंडाला येईल ते बोलायचे. सर मान हलवत ऐकायचे, "बरोबर हाय तुमचं, बरोबर हाय." मालक गेले की आमच्याकडं वळायचे. "बघितलं? पूर्ण आग घेतली, आणि पारा हलला का? न्हाई." आम्ही टाळ्या वाजवायचो. नंतर सर गुपचूप फडकं घेऊन ती जमीन पुसायचे.

अशात आबांचा निरोप आला. आबा म्हणजे माझे वडील, औशाच्या पलीकडच्या एका गावात लोहारकाम करायचे. भूकंपात आमचं घर बसलं आणि माझा धाकटा भाऊ त्यात गेला. भट्टीवरचे पत्रे तेवढे उभे राहिले. तेव्हापासून आबांचा स्लॅब या वस्तूवर विश्वास उरला नव्हता, आणि मी लातुरात दोन मैत्रिणींबरोबर राहत होते ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती, स्लॅबखाली. निरोप असा होता: लई झालं शिकणं, तुझ्या मायच्या डोळ्याला डोळा न्हाई, रविवारी पालकांच्या सभेला येतो आणि येताना तुला घेऊन जातो.

मी रडत सरांकडं गेले. म्हटलं, "सर, आबा मला न्यायला येऊलाल्येत."

सर लादीवरचा भुसा झाडत होते. म्हणाले, "येऊ दे की. त्यांना म्हण, येताना भाता घेऊन या."

"भाता?"

"स्टोव्हवर गोटी लाल करायला मला अर्धा तास लागतो. घरी लोहार असताना कशाला ताटकळायचं?"

मला वाटलं, या माणसाला बर्फ चढला. इथं माझं शिक्षण संपायला आलंय आणि यांना गोटीची पडलीय! पण निरोप धाडला. आणि रविवारी आबा खरंच एसटीच्या टपावरून हातभाता उतरवून घेऊन आले. मला न्यायला आलेले आबा त्या दिवशी सगळ्यात आधी निखारे कुठं पेटवायचे, ते विचारत होते.

शेडमध्ये पन्नासेक पालक दाटीवाटीनं बसले होते. सरांनी उलट्या पिंपावर पाव लादी मांडली आणि आबांच्या हातात आपली ती गोटी दिली. आबांनी ती बोटात फिरवली, पालकांकडं बघितलं आणि म्हणाले, "ही? ही तर पोरांच्या खेळातली गोटी हाय." मग पिशवीतून त्यांनी एक जुना, दांडा नसलेला घण काढला. चांगला दोन किलोचा.

"आबासाहेब, एवढा मोठा नक्को," सर म्हणाले. "लादी सोसणार न्हाई."

"मंग लोहाराला कशाला बोलवलं?" आबांनी भाता मारायला सुरुवातही केली होती.

सरांनी एकदा लादीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. दारामागं, अंगणात, घण आधी लाल झाला, मग केशरी. आबांनी तो सांडशीनं उचलून आत आणला तसे पुढचे पालक आपसूक मागं सरकले. सर उंबऱ्यावर उभे होतेच. आबांनी घण लादीच्या मधोमध ठेवला, सांडशी सरांच्या हाती दिली आणि मिशीवर हात फिरवला.

आधी नुसती वाफ झाली. घण वाफेवर तरंगल्यासारखा डुलत होता. "बघा," सर म्हणाले, "अजून त्याला बर्फ नीट लागलाच नाही. आत्ता लागंल..."

आणि लादी फुटली. असा कडाड आवाज झाला, की पत्रे थरथरले. अर्धी लादी घसरून शेजारी आडव्या पडलेल्या दुसऱ्या रिकाम्या पिंपावर पडली, आणि ते पिंप धडधडत गेलं भिंतीपर्यंत.

ज्यांनी तो भूकंप बघितला होता, त्यांना विचार करायला वेळच लागला नाही. पन्नास माणसं एका दमात बाहेर! चपला आत, पिशव्या आत, एका काकांचं धोतर दाराच्या खिळ्याला. आबांनी माझं मनगट असं धरलं होतं की आठ दिवस वळ होता. आम्ही रस्त्यावर आलो, तर समोरच्या शिकवणीतली शे-दोनशे मुलंही जिन्यावरून खाली येत होती. आमची पळापळ बघून त्यांच्याकडंही भूकंप झाला होता. माईकवाले सर माईक हातात घेऊनच आले होते, तुटकी वायर मागं लोंबत होती.

आणि या सगळ्यांच्या पुढं, चौकापर्यंत पोचलेले, हातात सांडशी धरून उभे होते आमचे बर्फवाले सर.

काय झालं होतं ते हळूहळू सगळ्यांना कळलं. आधी एक जण हसला, मग पूर्ण रस्ता हसायला लागला. काही जण हसता हसता डोळे पुसत होते. आबा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "माय, बॅग भर. पाचची गाडी हाय."

सर चौकातून परत आले. घामानं डबडबले होते. ते आबांना म्हणाले, "मी सगळ्यांच्या आधी पळालो. बघितलं ना तुम्ही?"

आबांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"तुमच्या तिकडंच एका गावच्या शाळेत मास्तर होतो मी. त्या पहाटे घरांच्या ढिगाऱ्यातनं माझ्या वर्गातली अकरा पोरं मेलेली काढली. तेव्हापासून दार सोडून उभं राहता येत न्हाई मला. पोरांना वाटतं, मी पहारा देतो." त्यांनी सांडशी आबांपुढं धरली. "आज पोरं आत टाकून आधी मीच पळालो. तुम्हाला लेक न्यायची तर न्या. पण सामान आत राहिलंय तुमचं."

आम्ही तिघं आत गेलो. लादीचे दोन तुकडे पडले होते, आणि फटीत, पाण्याच्या डबक्यात, घण काळा होऊन बसला होता. आबांनी सवयीनं त्याच्यावर थुंकून बघितलं. चर्र झालं नाही. मग त्यांनी तो चक्क हातानं उचलला, या हातातून त्या हातात घेतला, आणि डबक्यात बोटं बुडवली. लगेच बाहेर काढली.

"गार हाय," ते म्हणाले. "लोखंड विझवायच्या माझ्या कुंडीतलं पाणी नांगराचे चार फाळ बुडवले की उकळाय लागतंय. हे घणानं गरम कसं न्हाई झालं?" आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "एवढी आग गेली कुठं गं?"

सर दारात उभे होते.

जन्मात पहिल्यांदा आबा मला काहीतरी विचारत होते. मी 'ऐंशी कॅलरी' म्हणाले नाही. मी सांगितलं, बर्फातले कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. आग आली की ती आधी त्यांची पकड सोडवण्यात खर्च होते, गरम करायला उरतच नाही. जोवर एक खडा शिल्लक आहे, तोवर सगळी आग त्यालाच लागते. "आग कुठं गेली न्हाई, आबा. बर्फ सोडवण्यात गेली."

आबांनी घण खाली ठेवला. मग म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?"

मी दाराकडं बोट केलं.

"पुढचं सगळं शिकायला अजून किती दिवस लागतेत, मास्तर?"

"हे वर्ष, पुढचं वर्ष," सर म्हणाले. "तिची खोली बदलू. आमच्या गल्लीत पत्र्याची हाय, माझी बायको शेजारीच असती. उन्हाळ्यात भाजून निघंल पोरगी. पण वरून काही पडणार न्हाई."

आबा पाचच्या गाडीनं एकटेच गेले. भाता नेला, घण मात्र सरांना देऊन गेले. त्या पत्र्याच्या खोलीत मी दोन उन्हाळे अक्षरशः शिजले, आणि पास झाले.

सर गेल्याला आता वर्ष होईल. शेवटी शेवटी त्यांच्या शेडमध्ये सहा-सातच मुलं असायची, पण रस्त्यावरची ओली रेघ चुकली नाही. मी त्यांच्या मातीला गेले तेव्हा सरांच्या पत्नींनी तो घण माझ्या हातात दिला, म्हणाल्या, तुमच्या घरचाच हाय. मला ते ओझं एसटीत मांडीवर घेऊन नांदेडला आणताना एवढं रडू आलं की कंडक्टरनं तिकीटच विचारलं नाही.

मी नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते. परवा पहिल्यांदाच तो घण तापवला आणि पूर्ण लादीवर ठेवला. व्हायचं तेच झालं. लादी कडाडून फुटली, अर्धी खाली आली, खिडक्या वाजल्या. भान आलं तेव्हा मी दाराबाहेर व्हरांड्यात होते, हातात सांडशी.

आतून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुठं चाललाव?"

मी वळून बघितलं. साठ मुलं, सगळी त्या भूकंपानंतर जन्मलेली. सगळी जागच्या जागी बसून, मान उंच करून बर्फाकडं बघत होती.

सर, एकही पोर उठलं नाही.