बाहेरच्या फळीवरची बाटली

मुलुंडच्या चाळीत कुणाला काही विकत घ्यायचं झालं, तर लोक विद्याधर ओगल्यांना चुकवून घ्यायचे. ओगले रेल्वेच्या भांडार खात्यात कारकून. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय खिळासुद्धा घ्यायचा नाही, ही तिथली रीत त्यांच्या अंगात भिनली होती. लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन मुली पाहून तक्ता केला होता म्हणे. "मी कितव्या रकान्यात होते हो?" असं पद्मजाबाई वर्षातून एकदा तरी विचारायच्याच. ओगले तेवढ्यापुरते वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

चोपन्न सालच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या सात वर्षांच्या क्षमाच्या शाळेत डॉक्टर येऊन गेला. कार्डावर शेरा आला : 'वजन कमी. वाढ मागे. जानेवारीत पुन्हा तपासावे.' तो ओगल्यांनी तीनदा वाचला. स्वतः ते पाच फुटांना दोन बोटं कमीच. शाळेत ड्रिलमास्तर त्यांना उचलून बाकावर उभं करायचे आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. हे त्यांनी पद्मजाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. आपल्या लेकीला कुणी असं बाकावर उभं करू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मग 'क्षमा – वाढ' अशी फाईल उघडली गेली. स्टेशनजवळच्या श्यामसुंदरच्या औषधांच्या दुकानात ओगले पाच रविवार जाऊन उभे राहिले. माल्टचा डबा, कॅल्शियमच्या गोळ्या आणि शार्क लिव्हर ऑइल, असे तीन उमेदवार. कशात अ जीवनसत्त्व किती, ड किती, बाटली किती दिवस पुरणार, पोराला ओकारी येण्याचा संभव किती, सगळं कागदावर उतरलं. पाचव्या रविवारी श्यामसुंदर वैतागला.

"ओगलेसाहेब, पोरगी सासरी जाईल, तरी तुमचा तक्ता पुरा होणार नाही. काहीतरी न्या ना!"

तक्त्यात तेल जिंकलं. फक्त एक रकाना आखायचा राहून गेला होता, तो म्हणजे घरचा. ओगल्यांच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारायचे, आणि हे तर चक्क माशाच्या काळजातलं तेल!

"ती बाटली उंबऱ्याच्या आत आली तर मी माहेरी जाईन," पद्मजाबाई म्हणाल्या.

पण मंजूर झालेला माल परत करायचा, हे ओगल्यांच्या नियमात बसेना. त्यांनी बाहेर गॅलरीत फळी ठोकली. तिच्यावर बाटली, वेगळा चमचा, पाण्याचा तांब्या आणि गुळाची डबी. क्षमानं शाळेतून आल्यावर बाहेरच एक चमचा तेल घ्यायचं, चूळ भरायची, गूळ खायचा आणि मग घरात पाऊल टाकायचं. पद्मजाबाई बाटलीला हात लावणार नाहीत आणि ओगले सातशिवाय घरी येणार नाहीत, तेव्हा ओतायचं ते तिनंच.

घरी आल्यावर ओगल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वास आला?"

"आला!" नाकाला पदर लावून पद्मजाबाई म्हणायच्या. "गूळ खाऊनसुद्धा येतो. शेजारच्या वनमालाबाईंच्या चुलीला येतो ना, तस्सा."

"माशाचं तेल आहे, मोगऱ्याचा कुठून येणार?" ओगले खूश. फाईलमध्ये त्या तारखेपुढे बरोबरची खूण पडायची. बाटलीतलं तेलही अगदी हिशेबात उतरत होतं.

जानेवारीत नवं कार्ड आलं. वजन चार पौंडांनी वाढलेलं, शेरा समाधानकारक. ते वाचून ओगल्यांना ऑफिसात बसवेना. दीड-दोन तास आधीच सुट्टी मागून ते निघाले, वाटेत तेलाची आणखी एक बाटली घेतली. शेजारचा काशीराम कारखान्यात रात्रपाळीला जायचा. त्याची बायको वनमाला, मुलगी रत्नप्रभा, क्षमाच्याच वयाची. त्या पोरीलाही हा लाभ व्हावा, असं ओगल्यांच्या मनात आलं.

बाटली पुढे धरून ते शेजारच्या दारात उभे राहिले आणि तसेच राहिले. रात्रपाळीमुळे त्या घरचं जेवण साडेपाचलाच चालू होतं. काशीराम नळावर गेला होता. पाटावर रत्नप्रभा आणि तिच्या शेजारी क्षमा! पुढ्यात बांगड्याचं तिखलं आणि भाताचा डोंगर. घरी दोन घासांत तोंड फिरवणारी पोर इथे सराईतपणे काटे बाजूला काढत म्हणत होती, "काकी, अजून भात."

वनमालाच्या हातातला डाव थबकला. "भावजी, सांगूक होया होता तुमका. पण पोर पोटभर जेवता, ता बघून माझो धीर झालो नाय."

क्षमानं ताट मागे सरकवलं.

"आणि ते तेल?" ओगल्यांनी विचारलं.

रत्नप्रभानं भाताचा हात वर केला. "मी पितंय. माका आवडता. वर गूळ गावता."

हे फाईलच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, हा विचार ओगल्यांच्या मनात येऊन गेला. घरी काय सांगायचं, हा त्याहून मोठा. पण त्यांची नजर लेकीच्या गालांवर होती. गाल भरले होते, खरंच भरले होते. त्यांना एकदम रडू आलं आणि त्याची लाजही वाटली.

"सावकाश जेव," ते म्हणाले. "काटा लागेल."

नवी बाटली त्यांनी रत्नप्रभाच्या पाटाजवळ ठेवली आणि गॅलरीत येऊन तांब्या भरला. क्षमा बाहेर आली, तेव्हा त्यांनी स्वतः तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. दोनदा चूळ भरायला लावली, गुळाचा खडाही जरा मोठाच दिला. मग बापलेक उंबरा ओलांडून घरात गेले.

पद्मजाबाईंनी पदर नाकाला लावला. "आज वास जास्तच येतोय हो."

"येणारच," ओगले टोपी खुंटीला अडकवत म्हणाले. "आजपासून डोस वाढवलाय."