गोधडीचा वानर

माझ्या नणंदेच्या रुखवतात एक वानर होता. तो तिथे पोचला, याला माझी वही जबाबदार आहे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नलूचं लग्न आमच्या माहीमच्या (मुंबईच्या नव्हे, तारापूरजवळच्या) घरी ठरलं. रुखवतासाठी दोनशे उडदाचे पापड करायचं काम सासूबाईंनी माझ्यावर सोपवलं, कारण मी प्रत्येक कामाची यादी करते. पहिल्या दिवशी साठ पापड अंगणात वाळत घातले. दुपारी उचलायला गेले, तर एकोणीस.

मी वही काढली आणि तीन दिवस चोरांच्या नोंदी ठेवल्या. येण्याची वेळ: सव्वाअकरा. संख्या: अकरा, पैकी एक धिप्पाड नर, बाकी बायकामुलं. मुक्काम: वाडीमागचा उंबर. शेपूट: अंगापेक्षा लांब. हातपाय: काळे. खाण्याची रीत: गालात भरून नेत नाहीत, जागेवर बसून सावकाश खातात. (तोंडाची नोंद नाही. दारातून त्यांच्या पाठीच दिसत, आणि मी काठी घेऊन पोचेपर्यंत ते पळालेले असत.)

हे तारापूरला नोकरीला. वही न बघताच म्हणाले, "आमच्या वसाहतीत एकाने काळतोंड्या वानर आणून बांधला. लाल तोंडाची माकडं पुन्हा फिरकली नाहीत."

"मी वानर कुठून आणू?"

"यादी कर. होईल."

यादी केली. जुनी करडी गोधडी, आत नारळाचा काथ्या, तोंडाला तव्याची काजळी, सुंभाची लांब शेपूट. लग्नाला चार दिवस उरले होते. नवे-जुने सगळे पापड मी शेवटचं ऊन द्यायला अंगणात पसरले आणि मधोमध स्टुलावर वानर बसवला.

वाडीत काम करणारा सोमा बघत होता. "वहिनी, यो कुनासाठी?"

"माकडांना घाबरवायला."

"पन वहिनी..."

"मध्ये बोलू नकोस, सोमा. सव्वाअकरा वाजत आले."

ते वेळेवर आले. या वेळी मी खिडकीआड होते, म्हणून तोंडं प्रथमच समोरून दिसली. अकराच्या अकरा, तव्याच्या बुडासारखी काळी.

"तेच सांगत होतो," सोमा म्हणाला. "हे काळतोंडेच हायत. त्यांना वाटलं, आपलाच मानूस बसलाय, म्हंजे भ्यायचं कारन नाय."

एक वानरीण स्टुलाशेजारी बसून गोधडीतल्या उवा शोधू लागली. बाकीच्यांनी पंगत मांडली. सोमा काठी घेऊन धावला. मी वही उघडून उभी होते. लांब शेपूट, काळे हात, गालात भरत नाहीत. वानराची सगळी लक्षणं माझ्याच अक्षरात लिहिलेली होती (खाली रेघही मारली होती).

सात पापड उरले.

"रुखवतात सात पापड मांडायचे?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं. त्यांचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. "विहीणबाई विचारतील, सुनेने काय केलं. काय सांगू?"

नलूने माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. "वहिनीने केलंय की. हा मांडू."

आणि खरंच मांडला. मानेला फुलांची माळ, पुढ्यात सात पापडांची ताटली आणि नलूच्या अक्षरात चिठ्ठी: 'वहिनीची कलाकुसर'.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई साऱ्या रुखवतावरून नजर फिरवत आल्या आणि नेमक्या तिथेच थांबल्या. "अगदी हुबेहूब हो. समोर काय ठेवून केलंत?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "आरसा."