तांब्याची नळी, पितळी नट आणि माझा संशय

पुण्याला जायचं ठरलं ते एका फुटलेल्या काचेमुळे. मी भोरजवळच्या एका गावात विज्ञान शिकवते. वाफ थंड करून तिचं पाणी करणारी काचेची नळी, म्हणजे कंडेन्सर, आमच्या प्रयोगशाळेत एकच होता आणि तो नववीतल्या रेश्माच्या हातात फुटला. "बाई, तो गळत होता म्हणून मी बूच घट्ट करत होते," असं तिचं म्हणणं. माझा विश्वास बसला नाही. गळताना कुणी पाहिलं नव्हतं, फुटलेला सगळ्यांनी पाहिला. मी तिला प्रयोगाच्या टेबलापासून उठवून मागच्या बाकावर बसवलं आणि यापुढे कशालाही हात लावायचा नाही म्हणून बजावलं. ती रडली नाही, त्याचाही मला संशयच आला.

पुन्हा काच आणली तर पुन्हा फुटणार. म्हणून नळाच्या सामानातूनच कंडेन्सर करून घ्यायचं मनात घेतलं. बाहेर लोखंडी पाइप, त्यातून आरपार तांब्याची नळी. नळीतून वाफ जाणार, पाइपात गार पाणी खेळणार. वहीत चित्र काढलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी पकडली. कापूरहोळला हायवे लागेपर्यंत हाडं खिळखिळी होतात, तिथून कात्रजपर्यंत डुलकी काढता येते. मी काढली नाही, शेजारच्या बाईंचं लक्ष माझ्या पिशवीवर होतं.

स्वारगेटहून कसबा पेठेपर्यंत रिक्षावाला मीटरने येत नसेल तर सरळ चालत सुटा, पाऊण तासात पोचाल. तिथे नळाचं सामान विकणाऱ्या पहिल्या दुकानदाराने माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि वाफ कशाची, असं विचारलं. पाण्याची, मी म्हटलं.

"पाण्याची वाफ करून परत पाणीच करायचं असेल तर आधीच प्या की," तो म्हणाला. "आम्ही हातभट्टीचा माल ठेवत नाही."

मी शाळेचं ओळखपत्र काढून दाखवलं, तर ते त्याने उजेडात धरून तपासलं. माझ्याच जातकुळीचा माणूस, पण तेव्हा मला नुसता संताप आला.

दोन गल्ल्या पुढे, तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येतो तिथे, यासीनभाईंचं दुकान आहे. आजोबांपासूनचं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: वाफ किती वेळ जाणार आणि मुलं हाताळणार का. मग म्हणाले, "तुम्ही जेवून या, बाई. समोर कुणी उभं राहिलं की हात घाई करतो."

झालं, मला नको तिथे शंका आली. कोपऱ्यावरच्या खानावळीत पिठलं-भाकरी उत्तम मिळते, ठेचा मात्र मागून घ्यावा लागतो. माझं लक्ष ताटात नव्हतं. हा माणूस नक्की दोन तुकडे डाग देऊन जोडणार आणि अखंड नळी म्हणून खपवणार, हेच डोक्यात.

परत आले तर वस्तू तयार. साडेसातशे रुपये झाले, शाळेसाठी एक नवा पानाही घेतला. निघताना यासीनभाईंनी टोकाच्या पितळी नटावर बोट ठेवलं. "गळू नये म्हणून आत सुतळी भरून वर सफेद्याचा लेप लावलाय. सुतळी एकदाच बसते. हा आता उलटा फिरवायचा नाही."

चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. स्वारगेटच्या बाकावर बसून नवा पाना काढला आणि नट उघडला. आतली नळी अखंड होती, एकही जोड नव्हता. समाधानाने नट पुन्हा आवळला आणि भोरची गाडी पकडली.

सोमवारी वर्गात पाणी सोडलं. त्याच नटापासून थेंब सुटले आणि नळीवरून ओघळत खालच्या चंचुपात्रात पडू लागले. पोरं हसली. मागच्या बाकावरून रेश्मा नुसती पाहत होती. मी स्टाफरूममध्ये जाऊन फोन लावला आणि यासीनभाईंना गळत असल्याचं जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

"उघडला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग चूक माझी. परत आणा, नवा करून देतो. एसटीचं भाडंही माझ्याकडून घ्या."

इतकंच. खोदून विचारणं नाही की आवाजात शंका नाही. माझ्या कानशिलांपर्यंत लाज चढली. अख्ख्या प्रवासात मी एकाही माणसावर विश्वास टाकला नव्हता, आणि हा माझ्या खोट्यावर टाकून मोकळा झाला होता. त्यांनी फोन ठेवायच्या आत मी खरं काय ते सांगून टाकलं.

"मग नवी सुतळी भरा," ते म्हणाले. "आणि बसली की बघत बसू नका."

वर्गात परतले आणि नट मीच उघडल्याचं, फोनवर खोटं बोलल्याचं मुलांना सांगितलं. एकही पोर हसलं नाही. मग रेश्माला टेबलाशी बोलावून तिच्या हातात पाना दिला. संध्याकाळी गावातल्या दुकानातून सुतळी आणि सफेद्याची डबी आणली, आणि दुसऱ्या दिवशी तिने बेताने जोड भरून नट आवळला. पाणी सोडलं. नटाखाली बोट लावून ओलं आहे का पाहावं, अशी मला फार इच्छा झाली. मी हात मागे बांधून उभी राहिले.

तुम्हीही असं काही करून घ्यायला जाणार असाल तर कसब्यात जरूर जा आणि निवांत जेवून घ्या. आमचा कंडेन्सर अजून कोरडा आहे. त्या दिवशी तास संपल्यावर रेश्मा टेबल पुसत होती, तेव्हा तो काचेचा खरंच गळत होता का, हे तिला विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. तिने ते एकदा सांगितलं होतं.