दौलतभाऊचं ते पिस्तूलवालं पुस्तक

चौकातला फ्लेक्स खोटा आहे.

आज सकाळी माझा मोठा भाऊ दौलत गेला. दुपारपर्यंत गावच्या वाचनालयाने फ्लेक्स लावलासुद्धा. ‘आमचे लाडके माजी ग्रंथपाल.’

लाडके? वा रे वा!

छप्पन-सत्तावन साल असेल. आमगावजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरली होती. तिथल्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकात, डोमाजी राजा व्हायचा. त्याच्याएवढा मोठा स्टार आमच्याकडे दुसरा नव्हता.

त्या दिवशी भर खेळात त्याने एक पुस्तक वर धरलं. कव्हरवर पिस्तूल.

"वाचनालयात हाये. न्या अन् वाचा. लय मजा येते!"

दुसऱ्या दिवशी धानाची कापणी सोडून माणसं वाचनालयाच्या दारात. जन्मात ती पायरी न चढलेली माणसं!

वाचनालयाचे अध्यक्ष होते हेडमास्तर, ग्रंथपाल माझा भाऊ. त्यांनी निवडलेली थोर पुस्तकं कपाटात कोरी करकरीत पडलेली. सगळ्यांदेखत त्यांनी डोमाजीला विचारलं, "तुला सही येत नाही. तू काय वाचलंस?"

"म्या कुठी वाचलो मास्तर? दौलत वाचून राहिला होता, म्या आयकून राहिलो होतो."

सगळे हसले. भाऊ नाही हसला.

"यानं आयकलं म्हणून एवढे लोकं आले. तुमच्या यादीनं कोण आलं, सांगा ना!"

संध्याकाळच्या आत मास्तरांनी भाऊकडून वाचनालयाची किल्ली काढून घेतली. पगार नव्हताच. ती किल्लीच त्याची सगळी इस्टेट होती हो!

ते पुस्तकही बाहेर फेकलं. भाऊने ते उचलून घरी आणलं आणि अंगणात मोठ्यानं वाचायला बसला. अर्धं गाव ऐकायला यायचं.

मी चौथी नापास. त्याच पुस्तकावर बोट ठेवून वाचायला शिकले. म्हणून आज ही पोस्ट लिहू शकते.

आणि गेल्या महिन्यात? त्याच वाचनालयाने सीरियलची हिरोईन बोलावली, तिची आवडती पुस्तकं सांगायला. टाळ्या, सेल्फी, हार. त्या पोरीला मी नावं ठेवत नाही, चांगलंच केलं तिने. पण भाऊला साधं आमंत्रण नाही!

मी चिडले, तर मलाच म्हणाला, "कायले तरफडतं बाई? लोकं आले होते ना?"

तो सोडून द्यायचा. मी नाही सोडत.

‘माजी’ लिहिलंत ना? मग माजी कोणी केलं, तेही लिहा. नाहीतर उतरवा तो फ्लेक्स.

दौलतभाऊ, तुझं पुस्तक माझ्याकडे आहे. तेरवीला आपल्या अंगणात मोठ्यानं वाचीन.

आयकजो.