सुखरामकाकांची अट आणि देवरीचं ऑर्किड

आमच्या गोंदियाच्या कॉलेजात ऑर्किडची नातीगोती शोधायचं काम चालतं. निकाल यायला महिने लागतात, किस्से मात्र रोज जमतात! त्यातले बहुतेक माझी पीएचडीची विद्यार्थिनी प्रतिमा आणि देवरीचे सुखरामकाका यांचे. जंगल दाखवायला काकाच सोबत येतात.

*

पहिल्याच फेरीत मोहाच्या झाडावर हवं ते ऑर्किड दिसलं. प्रतिमा हात घालणार, तोच काकांनी थांबवलं. झाडाला विचारल्याशिवाय ते काही तोडत नाहीत. खोडावर तळवा टेकवून बराच वेळ उभे राहिले.

"काय म्हणालं झाड?" मी हसत विचारलं.

"नाही म्हनते."

नाही! वनखात्याची लेखी परवानगी माझ्या खिशात होती.

मग त्याच मोहाच्या, वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवरचं तसंच एक रोप काकांनीच उचलून दिलं. "हे ने पोरी. पन जितं वापस आनजो."

प्रतिमाने शब्द दिला. रोपाला पानं सहा, आम्हाला हवी होती तीन. उरलेल्या तीन पानांवर ते जगेल का, मला शंकाच होती.

*

पानातल्या हरितलवकांना स्वतःचा डीएनए असतो. तो बहुधा आईकडूनच येतो, आणि तो वाचला की कोणतं ऑर्किड कोणाच्या जवळचं ते कळतं. प्रतिमाने हे घरी सांगितलं. धानाच्या रोवणीवरून आलेली तिची आई चटकन म्हणाली, "मंग फारमावर बापाचंच नाव कायले लिवतेत?"



*

डीएनए काढण्याआधी पानातला स्टार्च कमी व्हावा म्हणून रोप दोन दिवस अंधारात ठेवतात. आम्ही कपाटात ठेवलं. काका बसने चौकशीला आले, आणि आम्ही वर्गावर असताना त्यांनी रोप काढून, पाणी घालून, खिडकीत उन्हाला ठेवलं!

प्रतिमा रडकुंडीला आली. "काका, काऊन काढलं?"

"झाडाले कपाटात कोंडता, अन् वरून त्याची माय कोन म्हनून पुसता!"

पुन्हा दोन दिवस अंधार करावा लागला. या वेळी काकांना आधी विचारून.

*

निकाल छान आला, पण तीनच पानं उरलेलं रोप मलूल झालं. "काकांना दुसरं एखादं देऊ," मी म्हटलं. प्रतिमाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. ती रोज त्याच्यावर पाणी शिंपडत राहिली. महिन्याभराने एक पांढरं मूळ फुटलं.

आम्ही देवरीला गेलो. प्रतिमाने रोप त्याच मोहाला सुतळीने बांधलं. काकांनी खोडावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

"काका, आता कायची परवानगी मागून राहिले?"

"परवानगी नाही पोरी. पोचलं म्हनून सांगून राहिलो."